लाईट गेल्यावर डोकं दुखतंय? फोनची स्क्रीन लुकलुकते का ते आधी बघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही जुन्या लेथवाल्याला विचारा. ट्यूबलाईटच्या उजेडात चक (लेथवर काम पकडून फिरणारा भाग) स्थिर दिसला म्हणून मशीन थांबलंय असं धरायचं नाही, हे त्याला पोरवयातच शिकवलेलं असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा चढतो-उतरतो. त्यामुळं जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर प्रत्येक उजेडाला तो बरोबर पाव फेरा पुढं गेलेला असतो. डोळ्याला चारही जबडे जागच्या जागी दिसतात. हात घालायला गेलेला माणूस बोटं गमावून बसतो. म्हणून शॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायची पद्धत पडली, म्हणजे सगळ्या एकदम मंद होत नाहीत. मी अनेक वर्षं मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. त्यामुळं ‘दिसत नाही म्हणजे उजेड स्थिर आहे’ हे मला कुणी सांगितलं तरी पटत नाही.

फोनच्या स्क्रीनचं नेमकं हेच आहे, आणि याचा शोध मला धाकट्या बहिणीमुळं लागला. ती खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर शिक्षिका आहे. तिनं चांगला, महागातला नवा फोन घेतला आणि महिन्याभरात कपाळ, भुवया दुखायला लागल्या. चष्म्याचा नंबर तपासला, तो बरोबर होता. बीपी बघितलं, तेही ठीक. एके दिवशी ती बोलता बोलता म्हणाली, “दादा, पावसात लाईट गेल्यावरच जास्त दुखतंय बघ. दिवसा शाळेत काही होत नाही.” खानापूरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना लाईट जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. अंधारात माणूस काय करतो? फोनचा ब्राईटनेस अगदी खाली आणतो. दुखण्याचं मूळ तिथंच होतं.

आताच्या बहुतेक मधल्या आणि महाग फोनांची स्क्रीन ओलेड असते. जाहिरातीत तिला अमोलेड म्हणतात. या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ब्राईटनेस कमी करायचा तर ठिपक्याचा करंट कमी करता येतो. पण करंट फार कमी केला की रंग बिघडतात, राखाडी भागावर डाग दिसतात. म्हणून बऱ्याच कंपन्या दुसरा मार्ग घेतात: स्क्रीन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायची. बंद राहण्याचा वेळ जितका जास्त, तितकी स्क्रीन मंद दिसते. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात, थोडक्यात पीडब्ल्यूएम. मोटरचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राईव्हमध्येही हीच युक्ती असते, त्यामुळं आमच्या लाईनच्या माणसाला हे लगेच कळतं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ब्राईटनेस जितका खाली, तितका बंदचा वेळ मोठा. उन्हात तोच फोन निरुपद्रवी आणि रात्री पांघरुणात त्रासदायक, असं म्हणूनच होतं.

सगळ्यांना हा त्रास होत नाही, हेही सांगायला पाहिजे. माझे मेहुणे तोच फोन रात्री तासन्‌तास बघतात आणि त्यांना काही जाणवत नाही. पण ज्याला होतो त्याला खरोखर होतो. त्याला ‘फोन कमी बघ’ एवढंच सांगून गप्प बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

फोन बदलायच्या आधी डोळे तपासून घ्या. डोकेदुखीची कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. चाळिशी लागलेली असते आणि माणूस फोन लांब धरून दिवस काढत असतो. सिलिंडरचा बारीक नंबर असतो, तो चष्म्यात घेतलेला नसतो. किंवा डोळे कोरडे पडलेले असतात, कारण स्क्रीनकडं टक लावून बघताना पापण्या मिटणं निम्म्याहून कमी होतं. यातलं काही असेल तर कितीही चांगली स्क्रीन घेतली तरी उपयोग नाही. आणि अचानक एका डोळ्यात जोराची कळ, डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलटी, असं काही झालं तर फोनचा विचार सोडून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. ते काचबिंदूचं लक्षण असू शकतं.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर मात्र पैसे घालू नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं यावरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. स्क्रीन पिवळी करणारा नाईट मोड डोळ्याला मऊ वाटतो, तो वापरायला हरकत नाही. पण त्यानं लुकलुक थांबत नाही.

आता मुख्य काम, स्क्रीन तपासायची रीत. दोन फोन लागतात: एक तपासायचा, दुसरा प्रो मोडचा (सेटिंग हातानं बदलता येणारा) कॅमेरा असलेला. तपासायच्या फोनवर पांढरं पान उघडा, कोरी नोट चालेल. ऑटो ब्राईटनेस बंद करा आणि ब्राईटनेस पाव पट्टीवर आणा. दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये शटर स्पीड १/१००० वर ठेवा, चित्र काळं आलं तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा, आणि कॅमेऱ्यातून त्या पांढऱ्या पानाकडं बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ती स्क्रीन खोलवर, म्हणजे उजेड जवळजवळ पूर्ण बंद करत, आणि कमी वेगानं लुकलुकते आहे. मग शटर १/४००० करून पुन्हा बघा. पट्टे जितके बारीक आणि दाट, तितका लुकलुकण्याचा वेग जास्त. पट्टे फिकट करडे असतील, पूर्ण काळे नसतील, तर उजेड पूर्ण बंद होत नाही, नुसता थोडा कमी होतो. ते बरं.

एक बारकावा इथं लोक चुकवतात. चांगल्यातल्या चांगल्या ओलेडवरही एखादी बारीक फिकी रेघ दिसतेच, कारण चित्र नव्यानं भरताना उजेड क्षणभर उतरतो. त्या एका रेघेवरून फोन नाकारू नका. आणि ही तपासणी स्वस्त एलईडी बल्बखाली करू नका. बल्ब स्वतःच लुकलुकत असेल तर त्याचे पट्टे कॅमेऱ्यात येतात आणि दोष स्क्रीनच्या माथी बसतो. दिवसाच्या उजेडात किंवा दिवे बंद करून बघा. प्रो मोड नसेल तर स्लो मोशन व्हिडिओ काढा. कमी वेगाची लुकलुक त्यातही पकडली जाते, जास्त वेगाची सुटते.

ही तपासणी दुकानातच करायची. बेळगावात किर्लोस्कर रोडला जा की खडेबाजारला, काउंटरवरचे डेमो फोन पूर्ण ब्राईटनेसवर आणि डोक्यावर झगझगीत दिव्यांखाली ठेवलेले असतात. त्या अवस्थेत प्रत्येक स्क्रीन चांगलीच दिसणार. नम्रपणे सांगा, “अण्णा, ब्राईटनेस जरा खाली घेतो, दोन मिनिटं बघू दे.” बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. पट्टे बघून झाले की तोच फोन कमी ब्राईटनेसवर हातात घ्या आणि दहा मिनिटं काहीतरी वाचत उभे राहा. ज्यांना त्रास होतो त्यांच्या डोळ्यामागं तेवढ्यात ताण जाणवू लागतो. ऑनलाईन घेणार असाल तर ‘परत’ आणि ‘बदलून’ यातला फरक आधी वाचा. बदलून तोच मॉडेल येतो, आणि आपल्याला तोच मॉडेल नको असतो.

काउंटरवरचा पोरगा हमखास सांगेल, “साहेब, १२० हर्ट्झ डिस्प्ले आहे, डोळ्याला काही होत नाही.” तो आकडा रिफ्रेश रेटचा, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं त्याचा. लुकलुकण्याचा आकडा वेगळा असतो. तो खोक्यावर ‘पीडब्ल्यूएम डिमिंग’ असा लिहिलेला असतो, किंवा लिहिलेलाच नसतो. आयफोनच्या अलीकडच्या प्रो मॉडेलांत तो बहुतेक ४८० हर्ट्झच्या आसपास आहे. सॅमसंगच्या वरच्या गॅलेक्सी मॉडेलांत अनेक वर्षं तो २४० च्या आसपास होता. दुसरीकडं ऑनर ९० मध्ये ३८४० हर्ट्झ, नथिंग फोन ३ए मध्ये २१६०, रेडमी नोट १३ प्रोमध्ये १९२०, असे आकडे कंपन्यांनी दिलेले आहेत. मोजायला एक दंडक आहे: एलईडी दिव्यांच्या लुकलुकीसाठी आयईईई या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१५ मध्ये १७८९ क्रमांकाचं मार्गदर्शक काढलं. त्यात १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी आणि ३००० च्या वर परिणाम दिसत नाही, असा हिशेब आहे. तो दिव्यांसाठी आहे, फोनसाठी नव्हे, पण अंदाज घ्यायला मला पुरेसा वाटतो. फक्त कंपनीचा आकडा काही वेळा ब्राईटनेसच्या एका पट्ट्यापुरताच खरा असतो, म्हणून कॅमेऱ्यानं बघणं सोडायचं नाही. नोटबुकचेक या संकेतस्थळावर यंत्रानं मोजलेले आकडे मॉडेलवार मिळतात. दुकानात जाण्याआधी ते बघून जा.

माझं मत विचाराल तर त्रास होणाऱ्यानं सरळ एलसीडी स्क्रीनचा फोन घ्यावा. स्वस्त फोनांत अजून बऱ्याच ठिकाणी एलसीडीच असते. तपशिलात ‘आयपीएस एलसीडी’ असं शोधा. तिचा उजेड मागच्या एलईडींमधून येतो आणि तो बहुतेक वेळा स्थिर करंटवर किंवा फार वरच्या वेगावर चालवलेला असतो. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. म्हणून तिलाही कॅमेरा लावा. काळा रंग थोडा करडा दिसेल, उन्हात जरा फिकी पडेल. बहिणीनं शेवटी असाच फोन घेतला, पहिल्याच्या निम्म्या किमतीचा. लाईट गेलेल्या रात्रीही ती आता त्यावर निवांत वाचते.

नवा फोन घेणं सगळ्यांना जमत नाही. मग आहे त्यात हे करा. ब्राईटनेसची पट्टी निम्म्याच्या वर ठेवा आणि वरून सॉफ्टवेअरनं उजेड कमी करा. अँड्रॉईड १२ पासून ‘एक्स्ट्रा डिम’ आहे, आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाईट पॉईंट’ आहे. त्यानं स्क्रीन मंद होते, पण लुकलुक वरच्या ब्राईटनेसइतकीच उथळ राहते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘डीसी डिमिंग’ (चालू-बंद न करता करंटनं उजेड कमी करणं), ‘अँटी फ्लिकर’ किंवा मोटोरोलाच्या काही फोनांत ‘फ्लिकर प्रिव्हेन्शन’ असं काही सापडतं का बघा. आयफोन १७ च्या मालिकेत अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘डिस्प्ले पल्स स्मूदिंग’ आलं आहे. आणि अंधारात नुसत्या फोनच्या उजेडात बसू नका, चार्जिंगचा कंदील शेजारी लावा. खोलीत उजेड असला की ब्राईटनेस इतका खाली आणावाच लागत नाही.

आपल्या भागातली आणखी एक अडचण आहे. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर उतारा काढा की सरकारी नोटीस वाचा, सगळं कानडीत, आणि मराठी शाळेत शिकलेल्याला ती वळणदार अक्षरं सावकाश लावावी लागतात. बारीक अक्षर, अनोळखी वळण आणि मंद स्क्रीन, तिन्ही एकत्र आलं की कपाळ दुखणारच. असलं वाचन फोनवर दिवसा करा, अक्षर दोन पायऱ्या मोठं करा, आणि मोठा मजकूर असेल तर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायचं, हा नियम पण पाळा. वीस फूट म्हणजे रस्त्यापलीकडचं दार समजा.

फोन फुटून स्क्रीन बदलली तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडं ओलेडच्या जागी बाजारातला स्वस्त एलसीडी कॉम्बो (काच आणि स्क्रीन जोडलेला एकत्र भाग) बसवतात, आणि त्याची लुकलुक मूळच्यापेक्षा अगदी वेगळी असू शकते, बरी किंवा वाईट. कॉम्बो जोडल्यावर, तो चिकटवायच्या आधी, ब्राईटनेस पाव पट्टीवर आणून कॅमेरा लावा. काळे पट्टे दिसले तर दुसरा कॉम्बो लावून बघायला सांगा, आणि पैसे त्यानंतरच द्या.