आबांच्या फ्लॉप्या: जुन्या फ्लॉपीतला हिशोब कसा काढायचा

मागच्या महिन्यात लोखंडी कपाटात दहा फ्लॉप्यांचा डबा सापडला, चोपड्याच्या आमच्या जिनिंगचा कापसाचा हिशोब, प्रत्येकीवर आबांच्या अक्षरात सीझन लिहिलेला. घरचे म्हणे फेका, कोण बघतं आता. मी म्हटलं थांबा, आणि दहापैकी आठ निघाल्या बी. तुमच्याकडे असतील तर असं करा.

३.५ इंची, कडक प्लास्टिकवाली असेल तर साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. ५.२५ इंची वाकणारी त्यात जातच नाही, तिला तिचा जुना ड्राइव्हच शोधावा लागतो.

लावायच्या आधी शटरच्या (फ्लॉपीच्या सरकत्या झाकणाच्या) विरुद्ध कडेला कोपऱ्यात छोटी खिटी असते ती सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. मग शटर हळूच सारून आतली तबकडी उजेडात बघा, पांढरट बुरशी दिसली तर ती लावूच नका, घाण ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपी पण खरडली जाते. आमच्या दोन त्याच्यामुळेच बाजूला ठेवल्या, पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याचे ४५ डिग्री आणि वरून पावसाळ्याची ओल, दुसरं काय होणार.

विंडोजने फॉरमॅट करायचं का विचारलं तर नाही म्हणा. काही झालं तरी नाहीच. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलीत हुबेहूब नक्कल घ्या, ते आधी धडधाकट भाग उचलतं आणि खराब सेक्टरकडे, म्हणजे तबकडीच्या बिघडलेल्या तुकड्यांकडे, नंतर परत येतं.

कोणती फाइल ठेवू कोणती नको असं करत बसू नका. १.४४ एमबीवाल्या एका फ्लॉपीवर ८० ट्रॅक (गोल पट्टे), २ बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, गुणा केला की १४,७४,५६० बाइट, म्हणजे आबांचा अख्खा डबा १५ एमबीच्या आत, हळदीतल्या नाचाची एक क्लिप याच्यापेक्षा मोठी असते! आता विंडोज ११ ला ६४ जीबी जागा लागते, तेवढ्यात अशा ४६ हजारांवर फ्लॉप्या बसतील. विंडोज ९५ मात्र १३ फ्लॉप्यांवर यायचं, पण त्यातल्या बहुतेक १.६८ एमबीच्या खास फॉरमॅटच्या, म्हणून तो सेट सापडला आणि यूएसबी ड्राइव्हने वाचला नाही तर लगेच खराब समजू नका.

लोटस आणि फॉक्सप्रो या हिशोब-नोंदींच्या जुन्या प्रोग्रामच्या फाइली लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. मराठी मजकूर अगम्य दिसला तर तो बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असतो, तोच फॉन्ट टाका. आमच्याकडे तो टाकला आणि आकड्यांपुढे शेऱ्याच्या कॉलममध्ये अक्षरं उमटली, "कापूस ओला, उद्या परत तोलणे". आबा चष्मा लावून कितीतरी वेळ तेवढंच वाचत बसले होते.