चौदा-पंधराच्या मुलांना वाचतं ठेवायचं असेल तर

मी ग्रंथालयाचा किशोर विभाग सांभाळते. माझ्याकडे येणाऱ्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: लहानपणी पुस्तकांचा फडशा पाडायचा, आता हातातून फोन सुटत नाही. त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. शिक्षकांना आणि या विभागात नव्याने आलेल्या ग्रंथपालांनाही त्याचा उपयोग होईल.

सुरुवात ‘तुला काय वाचायला आवडतं?’ या प्रश्नाने करू नका. मुलांना तो तोंडी परीक्षेसारखा वाटतो आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही’. त्यापेक्षा विचारा, ‘अलीकडे असं काय बघितलंस, की बंद करावंसंच वाटलं नाही?’ मालिका असेल, गेम असेल, कुणाचा तरी चॅनल असेल. मग पुढचा प्रश्न: त्यातलं नेमकं काय आवडलं? इथे घाई करू नका. एका मुलाने गुन्ह्यांच्या तपासावरची मालिका सांगितली. रहस्यकथांच्या कपाटाकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण थोडं बोलल्यावर कळलं, की खुनी कोण यात त्याला फारसा रस नाही. रक्ताच्या डागाच्या आकारावरून थेंब कोणत्या कोनातून पडला हे शोधतात, तेवढाच भाग तो मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघायचा. त्याला कथा नकोच होती. न्यायवैद्यकशास्त्रावरचं आकृत्यांचं पुस्तक हातात दिलं, तर तो कपाटाशीच उभा राहून वाचू लागला.

एकच पुस्तक पुढे करू नका, तीन करा. एकाला ‘नको’ म्हणणं मुलांना अवघड जातं, मग ती घेऊन जातात आणि न वाचता परत आणतात. तीन पुस्तकांतून निवडायचं म्हटलं की दोन नाकारायची मुभा आपोआप मिळते. पुस्तकं दिलीत की बाजूला व्हा. पहिलं पान उघडताना कुणी तोंडाकडे बघत असलं, की कुणालाच वाचता येत नाही.

अर्ध्यावर सोडायची परवानगी तोंडाने द्या. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा नियम आहे: ५० पानं वाचून बघा, नाही रमलात तर पुस्तक ठेवून द्या. पन्नाशी उलटलेल्यांनी १०० मधून आपलं वय वजा करायचं आणि तेवढीच पानं वाचायची. मुलांच्या बाबतीत मी ५० चाही आग्रह धरत नाही. नावडतं पुस्तक जबरदस्तीने संपवलेलं मूल पुढचं उचलायला कचरतं, हे मी इतकं पाहिलं आहे की याबाबत माझ्या मनात शंका उरलेली नाही.

‘हे काय वाचन आहे?’ हे वाक्य घरातून आणि वर्गातून कायमचं काढून टाका. चित्रकथा, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, फॅनफिक्शन, ऑडिओबुक, सगळं वाचनच आहे. एस. आर. रंगनाथन या भारतीय ग्रंथपालांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. ‘त्याचं’ म्हणजे आपल्या मते त्याला शोभणारं, असं त्यात कुठेही नाही. ग्रंथपालांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्युई पद्धतीत चित्रकथांचा वर्गांक ७४१.५, म्हणजे त्या रेखाटनाच्या पुस्तकांशेजारी जाऊन बसतात आणि तिथे मुलं फिरकत नाहीत. त्या बाहेर काढा, मुखपृष्ठ समोर दिसेल अशा लावा.

फॅनफिक्शनबद्दल मोठ्या माणसांना फार थोडं ठाऊक असतं. आवडत्या कथेतली पात्रं घेऊन वाचकच पुढच्या कथा लिहितात. २००९ साली सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहात लेखक आपल्या कथांना हवे ते टॅग लावतात आणि एकाच अर्थाचे निरनिराळे टॅग स्वयंसेवक एकमेकांशी जोडून ठेवतात. विषयसूची करणाऱ्या माणसाला हे काम बघून भरून येतं. तिथे प्रौढांसाठीचंही लेखन भरपूर आहे, म्हणून कथा उघडण्याआधी तिच्यावरचं वयाचं मानांकन आणि इशारे कसे वाचायचे, हे मुलांना दाखवून द्या. रोज रात्री असं काही लिहिणारी मुलगी ‘वाचत नाही’ म्हणून माझ्याकडे आणली जाते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता फोन. त्यावर भाषण देऊ नका, तो कसा बनवला आहे ते सांगा. पूर्वी संकेतस्थळावर पान संपायचं आणि ‘पुढे’ असं बटण दाबावं लागायचं. २००६ साली एझा रॅस्किन या रचनाकाराने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. थांबून ‘अजून बघू का?’ असा विचार करायची जी जागा होती, तीच गेली. मुलांना ‘तू वेळ वाया घालवतोस’ म्हटलं की ती चिडतात. ‘तुला थांबता येऊ नये अशी ही रचना आहे’ म्हटलं तरी चिडतात, पण या वेळी राग कंपन्यांवर असतो आणि तो उपयोगी पडतो. त्याच बैठकीत ऑटोप्ले बंद करायला सांगा, माणसांचे संदेश सोडून बाकी सगळी नोटिफिकेशन बंद करायला सांगा. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा असेल, तर घरातल्या मोठ्यांचाही तिथेच जायला हवा.

खरंखोटं ओळखण्याची एकच पद्धत शिकवायची असेल, तर ही शिकवा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासक यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले आणि नीटनेटकी मांडणी, अधिकृत वाटणारं बोधचिन्ह याला अनेकदा फसले. तथ्यतपासक मात्र लगेच पानाबाहेर पडले. नव्या टॅबमध्ये त्यांनी शोधलं, की या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात. हे मुलांसोबत बसून करा, आणि त्यांच्याच फीडमधली पोस्ट घ्या. एका मुलीने त्वचेच्या उपचारांवरचं एक खाते दाखवलं, पांढरा कोट, शांत आवाज. ‘खात्यातून बाहेर पड आणि नाव शोध’ एवढंच मी म्हटलं. खात्यावरची व्यक्ती तिथे सुचवलेलं क्रीमच विकणारी निघाली, आणि हे त्या मुलीने स्वतः शोधलं असल्यामुळे ते तिच्या लक्षात राहिलं.

चॅटबॉटकडून पुस्तकांची यादी घेतली तर प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या तालिकेत तपासायची सवय लावा. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्राच्या एका पुरवणीत चॅटबॉटकडून घेतलेली उन्हाळी वाचनाची यादी छापून आली. लेखक खरे होते, पण १५ पैकी १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. हे उदाहरण मुलं आपापल्या मित्रांना जाऊन सांगतात.

सगळ्यात जास्त जपायची ती मुलांची खासगी जागा. कुणी काय नेलं हे देवघेवीच्या टेबलावर मोठ्याने वाचायचं नाही. पालकांनी विचारलं तर ‘तिलाच विचारा’ असं सांगायचं, आणि ग्रंथालयाचा नियम काय आहे ते आधीच माहीत करून ठेवायचं. शरीर, नैराश्य, घरातली भांडणं या विषयांवरची पुस्तकं मुलं बरेचदा नेत नाहीत, कोपऱ्यात बसून वाचतात आणि भलत्याच फळीवर खुपसून जातात. ती तिथे सापडली तर निमूटपणे जागेवर लावा. कोपऱ्यातली ती खुर्ची मात्र हलवू नका.

कारण ज्या माणसाने कधी वाचनाची चौकशी केली नाही, त्याच्याकडेच मूल एक दिवस खरी अडचण घेऊन येतं. सहसा ‘माझ्या मैत्रिणीचं असं झालंय’ अशी सुरुवात होते. मैत्रीण कोण ते विचारू नका. एखाद्याने खासगी फोटो मिळवून धमकी दिली असेल, तर आधी स्पष्ट सांगा, की चूक धमकी देणाऱ्याची आहे. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत. संभाषण आणि खात्याचं नाव जपून ठेवायचं, मगच ब्लॉक करायचं. तो फोटो तुम्ही स्वतःकडे घेऊ नका, कुणाला पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या वयात काढलेल्या अशा चित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. त्यात नाव द्यावं लागत नाही आणि चित्र फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्या चित्राची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते आपापल्या मंचावर शोधून हटवतात. सगळ्या कंपन्या त्यात नाहीत, आणि कूटबद्ध, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच दिसणाऱ्या, संभाषणापर्यंत ही सेवा पोचत नाही, हेही मुलाला सांगा. मग विचारा, घरातल्या कुणाला सांगायला सोपं जाईल, आणि सांगताना मी सोबत थांबू का.