आरोग्य व मानवी सेवा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण : या चुका टाळा

आरोग्य व मानवी सेवा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात येणारे बहुतेक विद्यार्थी आधीच कुठल्या ना कुठल्या सेवेत मुरलेले असतात. कोणी परिचारिका असते, कोणी डॉक्टर, कोणी बालसंरक्षणात किंवा वृद्धांच्या देखभालीत अनेक वर्षे घालवलेले समाजकार्यकर्ते, तर कोणी हिशेब विभागातून आलेले. हा अनुभव ही त्यांची मोठी शिदोरी असते आणि पहिल्या वर्षातल्या चुकाही बहुधा त्याच शिदोरीतून निघतात, कारण समोरच्या एका रुग्णाकडे किंवा एका कुटुंबाकडे पाहण्याची सवय जडलेल्या नजरेला संपूर्ण सेवा तिच्या रांगांसह, खर्चासह आणि माणसांसह एकत्र पाहणे नव्याने शिकावे लागते. शिकागो विद्यापीठात १९३४ साली मायकेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा रुग्णालय चालवणे हे वैद्यकाहून वेगळे आणि स्वतंत्रपणे शिकण्याचे काम आहे, हीच धारणा त्यामागे होती. पुढे ज्या चुका मांडल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ ही नजर न बदलण्यातच सापडते.

‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’

पहिल्या सत्रात सर्वाधिक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा शेरा हाच. तो वाचून विद्यार्थी पुढच्या निबंधात आणखी दहा संदर्भ जोडतात आणि दुखणे वाढवून ठेवतात. दोष संदर्भांच्या संख्येत नसतो. प्रश्न न ठरवता नुसता विषय घेऊन लिहायला बसण्यात असतो. ‘आपत्कालीन विभागातील गर्दी’ हा विषय झाला. ‘दाखल करण्याचा निर्णय दुपारी झालेल्या रुग्णांना वॉर्डात खाट मिळायला रात्रीच्या रुग्णांपेक्षा जास्त वेळ का लागतो’ हा प्रश्न झाला, आणि तो विचारताच वॉर्डातून घरी जाणाऱ्यांना डिस्चार्ज किती वाजता मिळतो, औषधांची यादी कोण तयार करते, सफाई केव्हा होते, या गोष्टी आपोआप तपासाव्या लागतात.

सैद्धांतिक मांडण्यांचेही असेच होते. अव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी तपासण्याची दिशा दाखवली. विद्यार्थी या तीन शब्दांचे तीन मथळे करतात. पहिल्याखाली खाटा आणि मनुष्यबळ, दुसऱ्याखाली कार्यपद्धती, तिसऱ्याखाली मृत्युदर लिहितात आणि मोकळे होतात. त्या मांडणीचे बळ मात्र तीन अंगांना जोडणाऱ्या दुव्यांत आहे. परिचारिकांची संख्या कमी असेल तर औषधे देण्यास उशीर होतो का, आणि त्या उशिरामुळे रुग्णाची प्रकृती बिघडते का, हे दाखवता आले तरच तिचा उपयोग झाला असे म्हणता येईल. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदावर बोट ठेवून ‘हा काढला तर माझ्या म्हणण्याचा कोणता भाग कोसळेल’ असे स्वतःला विचारावे. काहीच कोसळत नसेल तर तो परिच्छेद वर्णनाचा आहे.

आकडे फसवतात तेव्हा

सांख्यिकीची भीती असणारे विद्यार्थी सरासरीचा आधार घेतात आणि नेमके तिथेच चुकतात. दहा जणांपैकी नऊ जण प्रत्येकी १० मिनिटे थांबले आणि दहावा २१० मिनिटे ताटकळला, तर प्रतीक्षेची सरासरी ३० मिनिटे येते. प्रत्यक्षात ३० मिनिटे थांबलेला माणूस त्या दहांत एकही नसतो. व्यवस्थापकाने ज्याची काळजी करायला हवी तो दहावा माणूस अहवालातून नाहीसा होतो. म्हणून मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, द्यावा, दहातल्या नऊ जणांचे काम किती वेळात झाले ते सांगावे, आणि सगळ्यांत आधी आकड्यांचा आलेख काढून त्यांची ठेवण डोळ्यांनी पाहावी.

दुसरी चूक ‘आधी आणि नंतर’ या तुलनेतली. रुग्ण पडण्याच्या घटना एखाद्या महिन्यात फार वाढतात, लगेच उपक्रम हाती घेतला जातो, पुढच्या महिन्यात घटना कमी होतात आणि श्रेय उपक्रमाला दिले जाते. सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता बरा जाण्याची शक्यता मुळातच जास्त असते. टोकाची मोजमापे पुन्हा सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले आहे. प्रकल्पाचे यश सहा महिन्यांत ‘विरून गेले’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बऱ्याचदा ते यश नव्हतेच. यावरचा उपाय साधा आहे. शक्य असेल तर किमान वर्षभराचे आधीचे आकडे महिन्यागणिक मांडावेत आणि वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली कारखान्यातील उत्पादनासाठी सुचवलेल्या नियंत्रण आलेखावर ते पाहावेत. नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बदल कोणता, हे त्या आलेखावर बरेचसे उलगडते.

तिसरी चूक अधिक खोल आहे, आणि माझ्या मते सर्वांत महागही. खाटा किंवा समुपदेशक जितके जास्त गुंतलेले, तितकी सेवा कार्यक्षम, असे गृहीत धरले जाते. रांगांचे गणित याच्या उलट सांगते. सेवा देणारा एकच आणि येणारे लोक अनियमित, अशा सर्वांत साध्या प्रारूपात, तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा एका भेटीला लागणाऱ्या वेळेच्या ४ पट असते. ९० टक्क्यांवर ती ९ पट आणि ९५ टक्क्यांवर १९ पट होते. शेवटच्या पाच टक्क्यांची ‘काटकसर’ प्रतीक्षा दुपटीहून अधिक वाढवते. खरे रुग्णालय या प्रारूपाहून गुंतागुंतीचे असले तरी गुंतलेपणाबरोबर प्रतीक्षा वाढण्याची चाल तीच राहते, त्यामुळे थोडी मोकळी जागा राखणे ही उधळपट्टी नव्हे.

याच जोडीला जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम पाठ असावा : व्यवस्थेत असलेल्या लोकांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले राहण्याचा सरासरी काळ. रोज ४० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ५ दिवस राहत असेल, तर २०० खाटा भरलेल्या राहणारच. मुक्काम अर्ध्या दिवसाने घटला तर तो आकडा १८० वर येतो. नवी इमारत मागणाऱ्या किती प्रस्तावांत हा एका ओळीचा गुणाकार केलेला नसतो, हे पाहून खेद वाटतो.

कागदावरची बचत

वरचे उदाहरण पुढे नेऊन विद्यार्थी लिहितात : मुक्काम अर्ध्या दिवसाने घटला, एका खाट-दिवसाचा सरासरी खर्च अमुक, म्हणून बचत तमुक. हिशेब विभागातला कोणीही यावर हरकत घेईल आणि ती रास्त असेल. खाट-दिवसाच्या सरासरी खर्चात पगार, इमारत, यंत्रसामग्री आणि वीज यांचा वाटा मोठा असतो, आणि रुग्ण दुपारऐवजी सकाळी घरी गेला म्हणून यांतले काहीच कमी होत नाही. कमी होतो तो जेवणाचा, कपडे धुण्याचा आणि काही औषधांचा खर्च. शिवाय मुक्कामाचे शेवटचे दिवस बहुधा सर्वांत कमी खर्चाचे असतात. रोख बचत हवी असेल तर एखादा वॉर्ड प्रत्यक्ष बंद व्हावा लागतो किंवा बदली मनुष्यबळ कमी लागावे लागते. तसे होणार नसेल तर मोकळ्या झालेल्या खाटांवर आणखी किती रुग्णांवर उपचार होतील ते सांगावे. तोही लाभच आहे, फक्त त्याला बचत म्हणू नये.

उद्दिष्ट गाठले, सेवा बिघडली

कोणताही निर्देशक सुचवताना तो कसा वळवला जाईल याचा विचार त्याच पानावर हवा. मोजमाप हेच लक्ष्य बनले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, अशा आशयाचे निरीक्षण अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातून रुग्ण ४ तासांच्या आत पुढे जावा असे उद्दिष्ट ठरल्यानंतर, ती मुदत संपण्याच्या अखेरच्या मिनिटांत बाहेर पडणाऱ्यांची संख्या एकदम उंचावलेली दिसे. तिथल्याच स्टॅफर्ड रुग्णालयातील निकृष्ट देखभालीची चौकशी झाली, तेव्हा उद्दिष्टे आणि ताळेबंद यांच्यामागे लागून रुग्णांकडे दुर्लक्ष झाल्याचे २०१३ च्या फ्रान्सिस अहवालात नमूद झाले. म्हणून प्रत्येक निर्देशकाला एक जोडीदार द्यावा : मुक्काम मोजत असाल तर पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाणही मोजा.

मानवी सेवांना दुय्यम मानणे

अभ्यासक्रमाच्या नावात दोन सेवा असताना निबंधांत नव्वद टक्के जागा रुग्णालयाला मिळते आणि शेवटच्या परिच्छेदात ‘हेच तत्त्व समाजसेवांनाही लागू होते’ असे लिहून विषय संपवला जातो. बहुतेक वेळा ते तसे लागू होत नाही. मोडलेले हाड सांधले की नाही याविषयी रुग्ण, डॉक्टर आणि व्यवस्थापक यांचे एकमत होऊ शकते. पण बालसंरक्षणात मुलाला कुटुंबापासून दूर नेणे हे यश की अपयश, यावर त्याच कार्यालयातले दोन अनुभवी कार्यकर्ते प्रामाणिकपणे वेगळे मत देतील. पालकांनी ही सेवा मागितलेली नसते, कित्येकदा त्यांना ती नकोच असते, त्यामुळे ‘ग्राहक समाधान’ हे मोजमाप तिथे उसने आणून चालत नाही. परिणाम दिसायला कधी कधी दहा-पंधरा वर्षे जातात, आणि तोवर ते मूल शाळा, न्यायालय आणि आरोग्य केंद्र अशा अनेक हातांतून गेलेले असते.

राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. धोरण वरच्या दालनात लिहिले जात असले तरी ते खऱ्या अर्थाने घडते ते अर्जदारासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या निर्णयांत, कारण वेळ अपुरा, प्रकरणे अमाप आणि नियम परस्परविरोधी असल्यामुळे कोणाला आधी घ्यायचे हे त्यालाच ठरवावे लागते. हा मुद्दा कळलेला विद्यार्थी ‘कर्मचारी नियम पाळत नाहीत, म्हणून प्रशिक्षण द्यावे’ अशी शिफारस घाईने करत नाही. एका कार्यकर्त्याकडे किती कुटुंबे आहेत, हे तो आधी मोजतो.

दुसरीकडचा उपाय उचलून आणणे

यशस्वी उपक्रमाची नक्कल करून तसाच परिणाम मिळेल, ही अपेक्षा प्रकल्पांना हमखास बुडवते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा तपासणी यादीचा अभ्यास २००९ साली आठ शहरांतल्या रुग्णालयांत झाला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती यादी स्वीकारल्यानंतरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. असे का झाले यावर पुष्कळ चर्चा झाली आहे : खुणा करणे आणि खरोखर थांबून एकमेकांशी बोलणे यांतला फरक, प्रशिक्षणाला मिळालेला वेळ, आणि मुळातच कमी असलेले मृत्यूंचे प्रमाण. आपल्या अहवालात उपक्रमाच्या नावाऐवजी त्याची यंत्रणा लिहावी, म्हणजे कोणाच्या वागण्यात, कोणत्या क्षणी, कशामुळे बदल होईल ते. मग एका वॉर्डात, एका आठवड्यापुरती चाचणी घ्यावी, निष्कर्ष तपासावा आणि नंतरच व्याप वाढवावा.

प्रबंध अडकतो तो कुठे

लिहिण्यात तो क्वचितच अडकतो, परवानगीत अडकतो. नैतिकता समितीची मंजुरी, ज्या संस्थेतून माहिती घ्यायची तिची वेगळी संमती, आणि नोंदींमधली नावे काढून माहिती देण्यास तयार असलेला माणूस, या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मिळवाव्या लागतात आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. विषयाचा आराखडा ठरताच, साहित्याचा आढावा अपुरा असतानाच, अर्ज करावा. आणि माहिती वेळेत मिळाली नाही तर प्रसिद्ध आकडेवारीवर कोणता प्रश्न सोडवता येईल, तेही मार्गदर्शकाशी आधीच ठरवून ठेवावे.

स्वतःच्या विभागात संशोधन करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते. तुम्ही ज्यांच्या रजा मंजूर करता, ज्यांचे मूल्यमापन करता, त्यांना ‘मुलाखत ऐच्छिक आहे’ असे सांगितले तरी नकार देणे त्यांना जड जाते, आणि होकार दिला तरी विभागातल्या त्रुटींविषयी ते तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलतीलच असे नाही. अशा वेळी मुलाखती दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने घ्याव्यात, तुमच्या हाती नावे आणि ओळख पटवणारे तपशील काढलेला मजकूरच यावा, आणि ही व्यवस्था संमतीपत्रात पहिल्याच परिच्छेदात सांगितलेली असावी.