फोन मध्येच ठेवायला शिकूया

एका कागदावर जाड मार्करने मोठ्या अक्षरांत १९३० लिहा आणि घरात जिथे बसून तुम्ही फोनवर बोलता तिथे तो भिंतीवर चिकटवा. त्याखाली मुलाचा किंवा मुलीचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर आणि एटीएम कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर लिहा. नुसतं मोबाइलमध्ये सेव्ह करून भागत नाही, कारण अडचणीच्या वेळी त्याच मोबाइलवर समोरचा माणूस बोलत असतो. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने दिलेला देशभरचा क्रमांक आहे. पैसे गेले तर पहिला फोन तिथे करायचा. तिथे काय सांगायचं ते पुढे येईलच.

मी साताऱ्यात राहते. बँकेत नोकरी केली, निवृत्तीआधीची वर्षं मुदत ठेवींच्या टेबलावर गेली. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही फोनवरच्या फसवणुकीबद्दल बसून बोलतो. इतक्या जणांचं ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. फसलेली माणसं अडाणी नसतात. त्यांत मुख्याध्यापिका आहेत, इंजिनियर आहेत, सरकारी कचेरीत हयात घालवलेले आहेत. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे त्यांतल्या बहुतेकांना पाठ होतं. जमलं नाही ते फोन ठेवणं. समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडणं आपल्या पिढीला उद्धटपणाचं वाटतं. साहेबी आवाज कानावर आला की आपण सावरून बसतो. आणि मुलं कामात असतील, त्यांना कशाला त्रास, म्हणून एकटेच निभावून न्यायला बघतो. भामटे या तीन सवयींवर जगतात.

फोन ठेवायचा कसा

वाक्य एकच: "मला आत्ता बोलायचं नाही, ठेवते." एवढं म्हणून फोन ठेवायचा. कारण द्यायचं नाही, त्याचं नाव किंवा हुद्दा विचारायचा नाही, "तू खोटा आहेस" असं सुनवायचं नाही. वाद घातला की बोलणं लांबतं आणि त्याला तेच हवं असतं. काहींना वाटतं, आपण त्याची उलटतपासणी घेऊ, पकडू त्याला. नका. तो दिवसभर हेच काम करतो, आपण नाही.

हे वाक्य तोंडातून प्रत्यक्ष निघायला सराव लागतो, म्हणून आम्ही संघात तो करतो. आमच्यातले एक निवृत्त एसटी वाहक इन्स्पेक्टर होतात. "आजी, फोन कट केला तर अर्ध्या तासात गाडी पाठवतो," असं ते दरडावतात आणि समोरच्याने वाक्य म्हणून फोन खाली ठेवायचा. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकजण उत्तर देत बसतो, "अहो पण मी काय केलंय?" दोन-तीनदा केलं की जमतं. घरी नातवाबरोबर करून बघा. मुलांना हा खेळ आवडतो.

फोन ठेवल्यावर लगेच पुन्हा येईल, कधी दुसऱ्या नंबरवरून. उचलू नका. फोन बंद करून शेजारी जा किंवा जिन्यात भेटेल त्याला सांगा, "मला असा असा फोन आला होता." दुसऱ्या माणसाच्या कानावर गोष्ट गेली की तिचा जोर निम्मा उतरतो. फोन खरा असता तर? तर बँक पत्र पाठवेल, शाखेत बोलावेल. थोडा वेळ फोन न घेतल्याने कुणाचं खातं जात नाही.

कोणते फोन येतात

विजेचा फोन किंवा मेसेज येतो: "मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा." विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊची धमकी तिथेच खोटी ठरते. शंका असेल तर महावितरणच्या १९१२ वर स्वतः फोन लावा किंवा मागचं बिल हातात घेऊन कार्यालयात जा.

नोव्हेंबर जवळ आला की हयातीच्या दाखल्याचे फोन सुरू होतात. हा प्रकार मला फार लागतो, कारण पेन्शन थांबण्याची भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते. फोनवरचा माणूस तुमचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक), निवृत्तीची तारीख, खातं कुठल्या शाखेत आहे हे सगळं बिनचूक वाचून दाखवतो आणि मग दाखला ऑनलाइन करून देतो म्हणून ओटीपी मागतो. हे लक्षात ठेवा: आपली माहिती त्याच्याकडे असणं हा तो खरा असल्याचा पुरावा नाही. ती माहिती शंभर ठिकाणांहून बाहेर गेलेली असते. दाखला बँकेत सही करून द्या, पोस्टमनला घरी बोलावून द्या, किंवा जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर मुलाला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने करा. समोरून आलेल्या फोनवर मात्र कधीच नाही.

"मी ओटीपी सांगितलाच नाही, तरी पैसे गेले," असं म्हणणारे खूप भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आलेली असते. नाव असतं गाडीचं ई-चलान, लग्नाची पत्रिका, केवायसी किंवा गॅसचं बिल, आणि नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं असतात. ते चित्र किंवा कागद नसून अ‍ॅप असतं. ते फोनमध्ये बसलं आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली गेली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. ओळखीच्या माणसाकडून आली तरी ती फाइल उघडू नका, कारण त्याचाच फोन ताब्यात घेऊन पुढे पाठवलेली असू शकते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी अ‍ॅप कुणी फोनवर सांगून घ्यायला लावली तर त्याला तुमची स्क्रीन दिसू लागते. कुठलीही बँक हे करायला सांगत नाही.

यूपीआयचं थोडक्यात: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा" असा रडवेला फोन आला तर मेसेजवर विश्वास न ठेवता खात्यातली शिल्लक बघा. खरंच आले असतील तरी म्हणा, "तुमच्या बँकेत अर्ज करा, बँक बघेल."

आता नातवंडांच्या आवाजातही फोन येतात. आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. "आजी, अपघात झालाय, बाबांना सांगू नको," असा रडका आवाज ऐकला की कुणाचंही काळीज हलेल. फोन ठेवा आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, फेसबुकवर कुठे नसलेला. आमच्या घरी तो एका जुन्या गाईचं नाव आहे.

डिजिटल अरेस्ट

"तुम्हाला अटक झाली आहे" असं व्हिडिओ कॉलवर सांगून माणसाला घरातच डांबून ठेवायचं, याला भामटे डिजिटल अरेस्ट म्हणतात. यावर जास्त लिहिते, कारण आयुष्यभराची ठेव एकाच फटक्यात जाते ती इथे.

सुरुवात साधी असते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, किंवा तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला. मग फोन "मुंबई पोलिसांकडे" जोडला जातो, व्हिडिओ कॉल सुरू होतो. गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. सुप्रीम कोर्टाच्या शिक्क्याचा आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, घरच्यांना सांगितलं तर त्यांनाही अटक. शेवटी सांगतात, "तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेकडे तपासायला पाठवा, निर्दोष असाल तर परत येतील."

माझ्या टेबलासमोर अशी माणसं बसलेली मी पाहिली आहेत. ठेव मोडायला आलेली, मुदत संपायला थोडेच महिने उरलेले, शर्टाच्या खिशात फोन आणि फोनवर कॉल चालू. कशाला मोडता विचारलं की पाठ केल्यासारखं उत्तर: "फ्लॅट घ्यायचाय." नजर काउंटरवर नाही, खिशाकडे. आम्ही कागदावर लिहून समोर सरकवायचो: "कुणी धमकी देतंय का? मान हलवा." काहींनी मान हलवली. म्हणून बँकेतल्या माणसाने दोन प्रश्न जास्त विचारले तर रागावू नका. आणि तुम्ही अशा कॉलमध्ये अडकला असाल, बोलायची हिंमत होत नसेल, तर पैसे भरायच्या स्लिपवर "मला मदत हवी" एवढं लिहा. घरात असाल तर दार उघडून दूधवाल्याला, कामाच्या ताईंना कागद दाखवा.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. डिजिटल अरेस्ट नावाची अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे स्वतः सांगितलं होतं. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलिसांनी तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा, तिच्या कलम १७९ प्रमाणे साठीच्या पुढच्या माणसाला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. आणि रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्याकडून पैसे तपासायला मागत नाही.

तरीही कुणी फसलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, लुधियानाचे उद्योगपती, वयाच्या ८२ व्या वर्षी २०२४ मध्ये अशाच कॉलमध्ये ७ कोटी रुपये गमावून बसले. त्यांच्यासमोर सरन्यायाधीशांच्या नावाने खोटी सुनावणीसुद्धा घेतली होती. त्यांनी तक्रार केली, सगळ्यांना उघड सांगितलं आणि त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले.

पैसे गेलेच तर

फोनमध्ये नको ते अ‍ॅप बसलं असेल तर तो फोन बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा. घाई अशासाठी की तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे वेगाने सरकतात आणि शेवटी रोख निघतात. वाटेत कुठल्या तरी खात्यात असतील तोवरच ते गोठवता येतात. १९३० वरची माणसं तुमचं नाव, बँक, खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतील. हा क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. लाइन व्यस्त लागली तर थांबू नका, गृह मंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर मुलाला तक्रार भरायला सांगा.

मग बँक. नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागचाच नंबर लावा, खातं आणि कार्ड थांबवा आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन प्रतीवर शिक्का घ्या. हा शिक्का फार कामाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तुमचा आणि बँकेचा दोष नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यावर तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर तोवरचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्यात फायदाच आहे.

पोलीस ठाण्यात एफआयआर द्या. "हे आमच्या हद्दीत नाही" असं म्हणाले तर झिरो एफआयआर नोंदवायला सांगा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मेसेज, कॉलची यादी, चॅट काहीही पुसू नका. आणि काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन नक्की येईल. ती त्याच धंद्यातली दुसरी फेरी आहे.

आजच करून ठेवायचं

यूपीआयला पेन्शनचं किंवा ठेवींचं खातं जोडू नका. एक लहान खातं वेगळं ठेवा, त्यात महिन्याच्या किराणा-औषधापुरते पैसे असू द्या. दिवसाची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत सांगून कमी करून घ्या. इंटरनेट बँकिंग वापरत नसाल तर बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, ती चालू करा. पैसे गेले नाहीत पण संशयास्पद फोन आला, तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी या पोर्टलवर चक्षू नावाची सुविधा आहे, तिथे तो नंबर कळवा. एकटे राहत असाल आणि कुणाशी बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे.

मुला-सुनांनो, लेकी-जावयांनो, हे तुमच्यासाठी. आई-बाबांनी असं काही सांगितलं तर पहिलं वाक्य "तुम्ही असं कसं केलंत?" हे नको. ते एकदा ऐकलं की पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत, आणि लपवण्यात जे तास जातात त्यांतच पैसे हाताबाहेर जातात. म्हणा, "बरं झालं लगेच सांगितलंत, आधी १९३० लावू." पुढचं कामही तुमचंच आहे. गोठवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. बहुतेकदा ती सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागतो, त्यात महिने जातात. तक्रारीचा क्रमांक, एफआयआरची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट एका फायलीत लावा, तपास अधिकाऱ्याकडे दर महिन्याला विचारणा करा आणि अर्जाच्या तारखेला रजा घेऊन त्यांच्याबरोबर जा.