इंदुरात प्रिम्युला लावताना या चुका टाळा

देठाभोवती मजल्यामजल्यांनी फुलांची वलये धरणारी कॅन्डेलाब्रा प्रिम्युला ही जपान, चीनमधील युन्नान प्रांत आणि हिमालयाच्या परिसरातील ओलसर, थंड जागांत वाढणारी वनस्पती आहे. पाणी भरपूर दिले की ती इंदुरातही टिकेल, असे समजणे हीच पहिली चूक. तिला ओलाव्याइतकाच गारवा लागतो आणि आपल्या मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेल्यावर तो देणे शक्य नसते. म्हणून बहुवर्षायू जातींचा हट्ट सोडून, तशीच मजल्यांची फुले देणारी प्रिम्युला मॅलॅकॉइडीस केवळ हिवाळ्यापुरती लावावी, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत महागात पडते ती मातीची चूक. माळव्याची काळी माती पाणी धरते खरी, पण भिजली की फुगते, तिच्यातील हवेच्या वाटा बुजतात आणि मुळे गुदमरतात. मग माती ओली असूनही पाने माना टाकतात, आपण ती तहान समजून आणखी पाणी घालतो आणि रोप हातचे जाते. अशा वेळी रोप कुंडीतून अलगद काढून पाहावे: निरोगी मुळे पांढुरकी व घट्ट असतात, तर कुजलेल्या मुळाची साल चिमटीत धरताच सुटून येते आणि आत बारीक दोरा तेवढा उरतो. चांगले कुजलेले पानखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू समप्रमाणात घेतल्यास ओल टिकते व जादा पाणीही निघून जाते.

शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडत असतील, तर बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याचा संशय घ्यावा. साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

बी पेरण्याची घाई सप्टेंबरच्या उकाड्यात करू नये. ऑक्टोबरमध्ये रात्री गार होऊ लागल्या की ते ओल्या मिश्रणावर नुसते भुरभुरावे, कारण मातीखाली गाडलेल्या या बारीक बियांना उगवण्यासाठी लागणारा उजेड मिळत नाही. पुनर्लागवड करताना पानांचा गाभा मातीच्या पातळीवरच ठेवावा. तो खोल गेला की कुजतो.

फेब्रुवारीत हवा कोरडी होताच पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड दिसू लागते. कुंडी दुपारच्या उन्हातून हलवून पाने खालच्या बाजूने सकाळी धुवावीत.