कोणी श्रद्धेविषयी विचारले, तर उत्तराची तयारी कशी करावी

काही वर्षांपूर्वी, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी वाशीहून ठाण्याला परतताना, तुर्भे मागे पडल्यावर शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मला सरळ विचारले, “उद्या तुमच्या येशूला क्रुसावर चढवले ना? मग त्या दिवसाला शुभ का म्हणता?” प्रश्न मनापासून विचारलेला होता. मी मात्र प्रायश्चित्त, तारण, नीतिमान ठरणे असे लहानपणापासून उपासनेत ऐकलेले शब्द एकामागून एक सांगत गेलो आणि ऐरोलीला तो “बरं” म्हणून उतरला. त्याच्या पदरात काहीच पडले नव्हते. जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या माणसाला आपल्या श्रद्धेचा गाभा चार वाक्यांत सांगता येऊ नये, याची खंत मला आजही आहे. पुढे दिलेल्या पायऱ्या त्या खंतीतून आल्या आहेत.

तयारीचा आधार बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे 15 वे वचन हा आहे. तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा, परंतु ते सौम्यतेने व आदराने द्या, असा त्याचा आशय आहे. विचारणारा आधी आणि उत्तर नंतर, हा यातला क्रम ध्यानात ठेवावा. कोणाला काही विचारावेसे वाटेल असे आपले रोजचे वागणे आहे का, हे तपासण्यापासूनच तयारी सुरू होते.

पहिली पायरी: आपली साक्ष लिहून काढावी

एक कोरा कागद घ्यावा आणि ख्रिस्ताला ओळखण्यापूर्वी आपण कसे होतो, त्याची ओळख कशी झाली आणि आज त्यामुळे काय वेगळे आहे, हे घरात बोलतो त्या मराठीत लिहावे. ख्रिस्ती घरातच जन्मलेल्यांना इथे अडखळल्यासारखे होते, कारण सांगण्याजोगी मोठी घटना नसते. तेव्हा ती रचू नये. आईच्या शेवटच्या आजारपणात प्रार्थनेने कसा धीर दिला, किंवा भावाशी धरलेला अबोला कोणत्या वचनामुळे सुटला, एवढेही पुरेसे असते. नव्या करारातील योहानाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध माणसाला शास्त्र्यांसारखे वाद घालता येत नव्हते. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढेच तो सांगू शकला आणि ते खोडता आले नाही. लिहिलेली साक्ष मोठ्याने वाचावी आणि लोकल एका स्थानकावरून पुढच्या स्थानकावर पोहोचेपर्यंत सांगून होईल इतकी ती आटोपशीर करावी.

दुसरी पायरी: मंडळीतले शब्द सोडवून घ्यावेत

माझ्या मते सर्वांत जास्त कष्ट इथे घ्यावे लागतात. ‘तारण’ म्हटले की आपल्या मनात येशूने केलेली सुटका येते, पण शेजाऱ्याच्या मनात सोनेतारण कर्ज येते. ‘साक्ष’ म्हटले की त्याला न्यायालय आठवते. ‘पश्चात्ताप’ म्हणजे त्याच्या लेखी नुसती हळहळ. चुकीच्या वाटेवरून मागे फिरून देवाकडे वळणे हा आपला अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आपण सर्रास वापरतो अशा दहा-बारा शब्दांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे एक साधे वाक्य लिहावे. ‘कृपा’ या शब्दापुढे मी लिहिले आहे: माझी लायकी नसताना देवाने मला आपले म्हटले.

तिसरी पायरी: एक शुभवर्तमान नीट जाणावे

शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र व शिकवण सांगणारे नव्या करारातील पुस्तक. मार्काचे शुभवर्तमान 16 अध्यायांचे आहे. सलग वाचायला बसले तर एका दुपारी आरामात वाचून होते. ते महिनाभरात तीनदा वाचावे. त्यासोबत लूकच्या 15 व्या अध्यायातील हरवलेल्या मुलाचा दाखला पुस्तक न उघडता सांगता यावा, कारण घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणारा बाप कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

चौथी पायरी: नेहमीच्या प्रश्नांचा अभ्यास करावा

“हा धर्म तर इंग्रजांनी आणला” हे वाक्य हमखास ऐकू येते. वास्तविक इंग्रजी राज्याच्या कितीतरी आधी, 1321 मध्ये, याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी आपल्या श्रद्धेसाठी प्राण दिले. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज असले, तरी गोव्यात राहून त्यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केले. इतिहासाने श्रद्धा सिद्ध होत नाही, परंतु परकेपणाचा गैरसमज मात्र दूर होतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर आपल्या रोजच्या प्रवासाला फार जवळचे आहे. 1893 मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी आधी काव्यावर गप्पा मारल्या आणि मग नवा करार हाती दिला. पुढे त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने समोरच्या माणसाची आवड आधी जाणून घेतली, हे शिकण्यासारखे आहे.

पाचवी पायरी: मर्यादा ठरवून घ्याव्यात

संविधानाच्या 25 व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निर्णय आहे. राज्यात लागू असलेले कायदेही जाणून घ्यावेत. कायदा बाजूला ठेवला, तरी पैसा, नोकरी, शाळाप्रवेश किंवा बरे होण्याची हमी यांची सुवार्तेशी सांगड घालणे हा सुवार्तेचाच अपमान आहे. दुसऱ्याच्या देवाधर्माविषयी वावगा शब्द काढू नये. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर त्याची विचारपूस करावी आणि त्याची इच्छा असेल तरच प्रार्थना करावी. आमच्या मजल्यावर गणपतीत मोदक आमच्या घरी येतात आणि नाताळात आमच्या करंज्या शेजारी जातात. त्या ताटासोबत कोणी नाताळाविषयी विचारले तर सांगावे, नाही तर करंज्या देऊन आनंदाने परत यावे.

उत्तर येत नसेल तेव्हा

“मला हे नीट माहीत नाही, विचारून सांगतो” असे म्हणावे, पाळकांना किंवा जाणत्या माणसाला विचारावे आणि त्या व्यक्तीकडे आठवणीने परत जावे. ईस्टरनंतरच्या सोमवारी मी त्या सहकाऱ्याला पुन्हा गाठले आणि म्हणालो, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी नीट दिले नव्हते. माझ्या अपराधाची शिक्षा त्या दिवशी दुसऱ्याने स्वतःवर घेतली आणि तो तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, असा आमचा विश्वास आहे. म्हणून तो दिवस आमच्यासाठी शुभ.” तो थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, “पण ज्याने शिक्षा घेतली, त्याला ती मान्य होती का?” मी पिशवीतून मार्काचे शुभवर्तमान काढले आणि अटकेपूर्वी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचा 14 वा अध्याय त्याच्यापुढे उघडून धरला.