दोन नोडच्या क्लस्टरमध्ये सामायिक डिस्क: पेसमेकरची मांडणी

क्लस्टर म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणारे सर्व्हर (नोड), आणि पेसमेकर म्हणजे त्यांच्यावरच्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर. नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरला सहसा दोन पॉवर सप्लाय असतात. त्यामुळे पीडीयूवरून (वीज वाटणाऱ्या उपकरणावरून) फेन्सिंग (बिघडलेला नोड सक्तीने बंद करणं) करताना दोन्ही आउटलेट आधी बंद व्हायला हवेत, मगच सुरू. एकेक करून बंद-चालू केलं तर सर्व्हर जागाच राहतो आणि क्लस्टरला वाटतं तो मेला. फेन्सिंग नीट चालल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. एक्सएफएस (लिनक्सची एक फाइलसिस्टम) दोन नोडवर एकाच वेळी माउंट झाली की डेटा गेलाच.

आता एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कच्या जागेची वाटणी करणारी व्यवस्था). दोन्ही नोडवर तिच्या सेटिंगमधला 'सिस्टम आयडी सोर्स' हा पर्याय 'यूनेम' (नोडचं नाव) करा, इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) नव्याने बनवा, रीबूट करा. व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कचा एकत्र साठा) एकाच नोडवर, ऑटो-ॲक्टिव्हेशन (आपोआप सुरू होणं) बंद ठेवून बनवा. रेड हॅट लिनक्स ९ मध्ये दुसऱ्या नोडच्या डिव्हाइस फाइलमध्येही (एलव्हीएमने वापरायच्या डिस्कची यादी) ती डिस्क टाकावी लागते. हे हमखास विसरलं जातं आणि फेलओव्हर (सेवा दुसऱ्या नोडवर जाणं) तिथेच अडतो. एफएसटॅबमध्ये (बूट होताना आपोआप माउंट करायच्या डिस्कची यादी) मात्र नोंद नको, माउंट करणं पेसमेकरचं काम.

पेसमेकरच्या रिसोर्स ग्रुपमध्ये (एकत्र चालणाऱ्या गोष्टींचा गट) सुरू होण्याचा क्रम असा: एलव्हीएम-ॲक्टिव्हेट, फाइलसिस्टम, आयपी, शेवटी सेवा. थांबताना हाच क्रम उलटा.

कुणी माउंट पॉइंटवर बॅकअप स्क्रिप्ट चालू ठेवली तर अनमाउंट अडकू शकतं. 'स्टॉप' फसला की पेसमेकर तो नोडच फेन्स करतो! म्हणून चाचणीआधी 'फ्यूजर' ही कमांड चालवून माउंट पॉइंट कोण वापरतंय ते पाहा, मग नोड स्टँडबायवर टाका (म्हणजे त्यावरच्या सेवा दुसरीकडे जातील).